आता उघडलंच आहे तर… : एका जुन्या पोर्शेच्या इंजिनाचं प्रकरण

गाडी १९८६ची पोर्शे ९११ कॅरेरा ३.२. इंजिन मागच्या बाजूला, सहा सिलिंडर आडवे, हवेने थंड होणारं, ३१६४ सीसी, २३१ अश्वशक्ती. मालकाची तक्रार एकच होती : गाडी ऑइल खाते आणि अधूनमधून निळा धूर मारते. व्हॉल्व्ह गाइड (व्हॉल्व्हची दांडी ज्यांच्यात सरकते त्या छोट्या नळ्या) झिजले असतील, हेड, म्हणजे सिलिंडरची झाकणं, उतरवून ते बदलावे लागतील, एवढ्या समजुतीवर गाडी गॅरेजमध्ये गेली. बाहेर आली तेव्हा बिल पहिल्या अंदाजाच्या जवळजवळ दुप्पट झालं होतं, आणि ठरल्यापेक्षा कितीतरी जास्त काळ गाडी लाकडी ठोकळ्यांवर उभी राहिली होती.

या प्रकरणात कुणी कुणाला फसवलेलं नाही. मेकॅनिक जाणकार होता, मालक समजूतदार होता, आणि वाढलेल्या प्रत्येक खर्चाला ठोस कारण होतं. म्हणूनच ते सविस्तर मांडावंसं वाटलं. जुन्या स्पोर्ट्स कारची दुरुस्ती महाग का होत चालली आहे, या प्रश्नावर 'पार्ट महागले' हे उत्तर लगेच मिळतं. या एका इंजिनाच्या कागदांवर नजर फिरवली तरी ते उत्तर अपुरं असल्याचं कळतं.

तक्रार इतकी लांबली कशी

आधी मालकाची बाजू. हे इंजिन नवीन असतानाही ऑइल खात असे. १००० किलोमीटरला दीड लिटरपर्यंत ऑइल लागलं तर ते चालण्यासारखं आहे, असं कंपनीच्याच पुस्तिकेत छापलेलं होतं. शिवाय सिलिंडर आडवे असल्यामुळे गाडी काही दिवस उभी राहिली की थोडं ऑइल आत झिरपतं आणि सुरू करताना धुराचा एक लोट येतो. तो आजार नाही. मालकाने हे दोन्ही वाचलेलं होतं, त्यामुळे तो निर्धास्त राहिला.

पण सुरू करतानाचा धूर वेगळा आणि उतारावर पाय काढून पुन्हा अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर येणारा धूर वेगळा. पाय काढला की इनटेकमध्ये पोकळी तयार होते, गाइड आणि व्हॉल्व्हची दांडी यांच्यातल्या फटीतून ऑइल ओढलं जातं, आणि पुन्हा पाय दिल्यावर ते जळतं. कॅरेरा ३.२च्या इंजिनात गाइड लवकर झिजतात हे या गाड्यांवर काम करणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. या गाडीत नेमका तोच धूर येत होता. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मात्र सहाही सिलिंडरना चांगलं मिळालं. गाइडच्या झिजेत असं होऊ शकतं, कारण पिस्टनभोवतीच्या रिंगा आणि व्हॉल्व्हची बैठक शाबूत असली तर दाब टिकतो. कॉम्प्रेशन चांगलं आलं म्हणून मालकाने काम आणखी पुढे ढकलावं, हेही स्वाभाविकच.

दरम्यान टॅपेट सेटिंग, म्हणजे व्हॉल्व्हच्या टोकाशी ठेवायची फट जुळवण्याचं काम, झालेलं नव्हतं. या इंजिनात बारा व्हॉल्व्ह आहेत आणि थंड इंजिनावर प्रत्येकाची फट ०.१ मिलिमीटर ठेवायची असते. खालचे सहा व्हॉल्व्ह गाडीखाली झोपून, एक्झॉस्टच्या आसपास बोटं घालून, फिलर गेजच्या (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांच्या) पातीला जाणवणाऱ्या हलक्या ओढीवरून जुळवावे लागतात. नवशिक्याला यात दिवस जातो आणि तरी एखादी फट चुकते. जुन्या गाडीच्या देखभालीत हेच काम सर्वांत आधी टाळलं जातं. पण टॅपेटसाठी खालचं व्हॉल्व्ह कव्हर काढावं लागतं आणि त्या निमित्ताने कुणीतरी आत डोकावतं, हा त्याचा मोठा फायदा. इथे बरीच वर्षं कुणी डोकावलंच नव्हतं.

कव्हरमधला नट

गॅरेजमध्ये उजव्या बाजूचं खालचं कव्हर काढलं. आतलं उरलेलं काळं ऑइल ट्रेमध्ये निथळलं आणि कव्हरच्या तळाशी एक नट दिसला, वॉशरसकट. नटाच्या आत स्टडचा तुटका तुकडा अजून आटे धरून बसला होता. तुटलेल्या तोंडाचा अर्धा भाग गंजून काळपट झालेला, उरलेला अर्धा चकचकीत. म्हणजे तडा जुना होता आणि पूर्ण तुटणं त्या मानाने अलीकडचं.

हे स्टड म्हणजे हेड आणि सिलिंडर क्रॅंककेसला, म्हणजे इंजिनाच्या मुख्य कवचाला, आवळून धरणारे लांब बोल्ट. एका सिलिंडरला चार, एकूण चोवीस. कॅरेरा ३.२मध्ये वरचे बारा साध्या पोलादाचे आहेत आणि खालचे, एक्झॉस्टच्या बाजूचे बारा 'डिलावार' नावाच्या मिश्रधातूचे. कल्पना चांगली होती. ॲल्युमिनियम तापल्यावर पोलादापेक्षा जास्त प्रसरण पावतं, म्हणून स्टडही तसाच वाढणारा असावा. पण खालच्या बाजूला ओलावा आणि रस्त्यावरची घाण साचते, या धातूला बारीक खड्डे पडतात, तिथून तडा सुरू होतो आणि कधीतरी, बहुधा गाडी उभी असतानाच, स्टड तुटतो. एक तुटला तरी इंजिन चालू राहतं. पण एक तुटला की उरलेल्या अकरांवर भरवसा ठेवता येत नाही.

एका नटाने कामाचं स्वरूपच बदलून टाकलं. गाइडसाठी फक्त हेड उतरवायचे होते. स्टडसाठी आता सिलिंडरही ओढावे लागणार, क्रॅंककेसमधून जुने स्टड तापवून काढावे लागणार, आणि जो केसच्या आत तुटेल त्याला नट वेल्ड करून किंवा भोक पाडून बाहेर आणावं लागणार. सिलिंडर ओढले की पिस्टन रिंगांचा प्रश्न येतो. आणि रिंगांचा प्रश्न आला की सिलिंडर कोणते आहेत ते बघावं लागतं, कारण या मॉडेलमध्ये दोन प्रकार येत होते : माले कंपनीचे निकासिल, म्हणजे आतून निकेल आणि सिलिकॉन कार्बाइडचा थर दिलेले, आणि कोल्बेनश्मिटचे अ‍ॅल्युसिल, म्हणजे भरपूर सिलिकॉन असलेलं ॲल्युमिनियम. निकासिलची झीज मर्यादेत असेल तर नवीन रिंगा टाकून काम भागतं. अ‍ॅल्युसिलला पुन्हा तयार करणं किचकट आणि खर्चिक. या गाडीत निकासिल निघाले. संपूर्ण प्रकरणात नशिबाने साथ दिली ती इथेच.

तीन वाटा

इंजिन उतरवण्यापूर्वीच मालकासमोर तीन पर्याय ठेवले गेले. पहिला : तुटलेला स्टड बदला, धूर मारणाऱ्या बाजूचे गाइड करा, बाकीचं जसं आहे तसं राहू द्या. दुसरा : दोन्ही बाजूंचे सहाही हेड, सगळे गाइड, खालचे बाराही स्टड पोलादाचे, रिंगा, सगळी सीलं आणि गॅस्केट. तिसरा : क्रॅंककेसही उघडा, बेअरिंग बदला, कनेक्टिंग रॉडचे बोल्ट बदला, म्हणजे पूर्ण इंजिन नव्याने बांधा.

तिसऱ्या पर्यायाच्या बाजूनेही मुद्दा होता. या इंजिनातले रॉडचे बोल्ट ९ मिलिमीटरचे आहेत, आधीच्या ९११ एससी मॉडेलपेक्षा बारीक, आणि ते या इंजिनाचं कमकुवत ठिकाण मानलं जातं. पण गरम इंजिनावर ऑइलचा दाब उत्तम होता, जुन्या ऑइलमध्ये बेअरिंगच्या धातूचा कण दिसला नाही, आणि ही गाडी शर्यतीत पळत नव्हती. मालकाने दुसरा पर्याय घेतला. माझ्या मते तोच बरोबर होता. पहिला पर्याय स्वस्त दिसतो, पण उरलेल्या अकरांपैकी पुढचा स्टड तुटला की इंजिन उतरवण्या-चढवण्याची सगळी मजुरी पुन्हा भरावी लागते. तिसऱ्यात, ज्या भागाची काही तक्रार नाही तो केवळ भीतीपोटी उघडला जातो. चांगल्या अवस्थेतलं, कारखान्यात बसवलेलं बेअरिंग मी सहसा उघडू देणार नाही.

वाढलेला खर्च नेमका कुठे गेला

इंजिन आणि गिअरबॉक्स एकत्र खाली उतरतात. जाणकार माणसाला हे काम एका दिवसात जमतं. खरा वेळ पुढे जातो, आणि तो कुठे जाईल हे आधी सांगता येत नाही.

पहिला अडथळा एक्झॉस्टच्या नटांचा. या गाडीत आतल्या हिटरची गरम हवा एक्झॉस्टभोवतीच्या हीट एक्स्चेंजरमधून येते. ते पत्र्याचे कवच हेडला ज्या स्टडांनी जोडलेले असतात ते गंजून अक्षरशः एकजीव झालेले असतात. टॉर्चने तापवून, थंड होऊ देऊन, पुन्हा तापवून एकेक सोडवला. तरीही काही तुटलेच. ते हेडमधून काढण्याचं काम वेगळं. अंदाजपत्रकात या ओळीसमोर काही तास धरलेले होते, लागले त्याच्या कितीतरी पट. आणि एक्स्चेंजर हातात आल्यावर कळलं की एकाच्या शिवणीला भोक पडलंय. असा एक्स्चेंजर परत चढवणं म्हणजे एक्झॉस्टचा धूर गाडीच्या आत यायला वाट देणं. त्यामुळे तो बदलणं भाग होतं.

दुसरा अडथळा मशीन शॉप. झिजलेले गाइड काढायचे, नवीन बसवायचे, ९ मिलिमीटरच्या दांडीला नेमकी फट राहील असं रीमिंग करायचं (आतलं भोक कापून मापाला आणायचं), मग व्हॉल्व्हची बैठक त्या नव्या मध्यरेषेवर पुन्हा कापायची. हे करणारी यंत्रं अजून आहेत. ती हवेने थंड होणाऱ्या हेडवर विश्वासाने चालवणारे हात कमी झाले आहेत. आजच्या गाड्यांची हेड क्वचितच दुरुस्त होतात, बहुतेक वेळा सबंध बदलली जातात. त्यामुळे या कामाची तालीम नव्या मुलांना मिळतच नाही. जे उरले त्यांच्याकडे रांग आहे. या गाडीची हेड प्रत्यक्ष कामापेक्षा रांगेतच जास्त काळ पडून होती. तोपर्यंत उघडं इंजिन झाकून ठेवायचं, गॅरेजची जागा अडवायची, आणि सुटलेल्या शेकडो भागांची नोंद जपायची. याचाही खर्च होतो, पण कुठल्याही बिलात ही ओळ लिहिलेली नसते.

तिसरा भाग शीर्षकात सांगितलेला. इंजिन बाहेर आहेच तर क्लच बघू. फ्लायव्हीलमागचं मोठं सील बदलू, ते गळायला लागलं तर पुन्हा हा सगळा खटाटोप. फ्लायव्हीलजवळचे सेन्सर बदलू, कारण बॉशच्या मोट्रॉनिक इंजेक्शनला त्यांच्याकडूनच क्रॅंकची जागा आणि गती कळते, आणि इंजिन बसल्यावर तिथे हात पोचत नाही. व्हॉल्व्ह वेळेवर उघडणाऱ्या टायमिंग चेनच्या पट्ट्या बघू. या प्रत्येक वाक्यात तथ्य आहे. इंधनाच्या रबरी नळ्यांबद्दल तर दुमतच नको. इथेनॉलमिश्रित पेट्रोल जुन्या रबराला कडक आणि भेगाळ करतं, आणि या गाडीत त्या नळ्या तापलेल्या इंजिनाच्या वर असतात. जुन्या गाड्या जळतात त्या बऱ्याचदा अशा नळ्यांमुळे. इथे कंजुषी करणाऱ्या मालकाशी मी भांडेन.

पण कुठेतरी थांबावंही लागतं. दुसऱ्या गिअरला किंचित खरखर होती. १९८७मध्ये जी-५० गिअरबॉक्स आला, त्याआधीच्या ९१५ गिअरबॉक्सची ही ठरलेली खोड. मालकाने तो उघडू दिला नाही. पुढच्या फेंडरमधल्या ऑइल कूलरकडे जाणाऱ्या नळ्यांनाही हात लावला नाही, कारण त्यांचे जोड इतके जाम होते की सोडवायला गेल्यावर नळ्याच पिळून गेल्या असत्या. गळत नव्हत्या, तशाच राहिल्या. हे दोन नकार नसते तर आकडा दुपटीच्या कितीतरी पुढे गेला असता.

अंतिम बिलात अर्ध्याहून मोठा वाटा मजुरीचा होता. त्यानंतर मशीन शॉप, आणि त्याखाली सुटे भाग.

गाडीची किंमत आणि दुरुस्तीची किंमत

हवेने थंड होणारी ९११ बनणं १९९८मध्ये ९९३ या मॉडेलबरोबर थांबलं. त्यानंतर बरीच वर्षं कॅरेरा ३.२ ही केवळ एक जुनी गाडी होती. २०१०नंतरच्या पहिल्या काही वर्षांत या गाड्यांच्या किमती झपाट्याने चढल्या, आणि मालकांना वाटलं की आपण श्रीमंत झालो.

ते झालं तेव्हाच सुट्या भागांचा एक झरा आटला, ही गोष्ट फारशी बोलली जात नाही. गाडी स्वस्त असते तेव्हा अपघातात सापडलेली, गंजलेली गाडी मोडीत निघते. तिचे हेड, एक्स्चेंजर, दारं, सीट, कंट्रोल युनिट, बारीकसारीक ब्रॅकेट बाजारात येतात, आणि उरलेल्या गाड्या त्यावर जगतात. किंमत चढली की तीच चेपलेली गाडी दुरुस्त करणं परवडायला लागतं. ती आता भाग पुरवत नाही, उलट भाग मागते. या प्रकरणातल्या मालकाला वापरलेला, पण धडधाकट एक्स्चेंजर मिळेना तो याच कारणाने. शेवटी नवीन स्टेनलेस स्टीलची जोडी घ्यावी लागली.

किंमत चढल्याचा दुसरा परिणाम कामाच्या दर्जावर होतो. पूर्वी 'चालू करून द्या' म्हणणारा मालक आता मूळ नंबरचं इंजिन, मूळ रंगाचा मुलामा दिलेले बोल्ट, प्रत्येक टप्प्याचे फोटो मागतो. मेकॅनिकही घाबरून काम करतो, कारण क्रॅंककेसमध्ये एक आटा गेला तरी आता मोठं नुकसान आहे. सावकाशीने केलेल्या कामाचे तास जास्त होतात. ते व्हायलाच हवेत. पण पैसे मोजताना ते तास 'महागाई' या एका शब्दात गुंडाळू नयेत.

सुट्या भागांचं चित्र मात्र समजतं तितकं काळं नाही. पोर्शे कंपनी जुने भाग पुन्हा बनवते. २०१८मध्ये तिने ९५९ या फक्त २९२ बनलेल्या गाडीसाठी क्लच रिलीज लिव्हर धातूच्या भुकटीपासून थ्री-डी प्रिंटिंगने बनवल्याचं जाहीर केलं. निसानने २०१७च्या अखेरीस आर-३२ स्कायलाइन जीटी-आरसाठी, टोयोटाने २०२०मध्ये जुन्या सुप्रांसाठी भाग पुन्हा काढायला सुरुवात केली. हे काम मोलाचं आहे. पण छोट्या संख्येत बनलेला भाग त्याच्या जुन्या किमतीला मिळणार नाही, आणि भाग मिळाला तरी तो बसवणारा माणूस छापून मिळत नाही. काही कामांना बाहेरच्या नियमांचाही भार आहे. युरोपात सप्टेंबर २०१७पासून क्रोमियम ट्रायऑक्साइड वापरायला परवानगी लागते, आणि बंपरवर ज्यांची शान आहे अशा जुन्या गाड्यांच्या मालकांना क्रोम मुलाम्याच्या बिलात त्याची झळ बसते.

इतर गाड्यांशी ताडून पाहिलं तर ९११चा मालक तसा सुदैवी. तिच्यात टायमिंग चेन आहे. फेरारीच्या टेस्टारोसा, ३४८ आणि एफ३५५मध्ये टायमिंग बेल्ट आहे आणि तो बदलायला इंजिन खाली घ्यावं लागतं, ठरावीक वर्षांनी, गाडी चालो वा न चालो. ज्या खर्चाला आपण इथे अपघात म्हणतो तो तिथे वेळापत्रक आहे.

काय वेगळं करता आलं असतं

स्टड वाचला नसता. तो कधी ना कधी तुटणारच होता. पण टॅपेट वेळेवर झाले असते तर नट लवकर सापडला असता. दर हजार किलोमीटरला किती ऑइल घातलं याची वही असती, तर धूर बोलायला लागण्याआधी वही बोलली असती. आणि गाडी जास्त चालली असती तर, हे ऐकायला उलटं वाटेल, पण ओलावा सुकला असता, सीलं ओली राहिली असती. उभ्या गाडीत गंज आणि आम्ल दोन्ही निवांत काम करतात. किंमत घसरेल या भीतीने किलोमीटर वाचवणारे मालक हे नुकसान पुढे ढकलून साठवत असतात.

अंदाजपत्रकाची पद्धत मात्र या प्रकरणात सुधारता आली असती, आणि माझा सगळ्यांत आग्रहाचा मुद्दा हाच. एका आकड्याचं अंदाजपत्रक जुन्या इंजिनाला लागू पडत नाही. त्याऐवजी काम थांबण्याच्या जागा आधी लिहून घ्याव्यात : इंजिन उतरल्यावर, हेड सुटल्यावर, सिलिंडर मोजल्यावर. प्रत्येक ठिकाणी गॅरेजने मोजमापं आणि फोटो द्यावेत, पुढचा खर्च सांगावा, आणि मालकाच्या होकाराशिवाय पुढे जाऊ नये. 'उघडलंच आहे तर' या यादीतल्या प्रत्येक ओळीला एक प्रश्न विचारावा : हा भाग नंतर करायचा झाला तर इंजिन पुन्हा उतरवावं लागेल का? क्लच आणि फ्लायव्हीलच्या सीलसाठी उत्तर 'हो'. ऑइल कूलरच्या नळ्यांसाठी 'नाही'. दुसऱ्या गिअरसाठी 'हो', पण आज तो त्रास देत नाही. मालकाने तो धोका जाणून पत्करला आणि तसं लिहूनही ठेवलं.

काढलेले सगळे भाग, तुटलेल्या स्टडसकट, मालकाने खोक्यात ठेवले आहेत. मूळ एक्स्चेंजरही. त्याची शिवण वेल्ड होण्यासारखी आहे आणि आजच्या बाजारात तो फेकून देण्याची चैन कुणालाच परवडणार नाही.

इंजिन बांधून झाल्यावर काही आठवडे गाडी जपून चालवली, मग ऑइल बदललं, साधारण १० लिटर, आणि टॅपेट पुन्हा तपासले. दोन फटी किंचित घट्ट निघाल्या, बाकी दहा जिथल्या तिथे. खालची कव्हरं स्वच्छ होती. उतारावरचा धूर गेला आहे. ऑइल अजूनही लागतं, पण पूर्वीच्या मानाने अगदी थोडं, आणि आता त्याची वही आहे. ते दुसरं टॅपेट सेटिंग मेकॅनिकने स्वतः केलं नाही. गॅरेजमधल्या शिकाऊ मुलाकडून करून घेतलं आणि प्रत्येक फट नंतर स्वतः तपासली. त्या जास्तीच्या तासांचे पैसे मालकाने खळखळ न करता दिले.